विक्षिप्त यजमानांची कैफियत

युरोपातल्या सिनेमावाल्यांना एक गोष्ट फार आवडते. कोणी एक सज्जन प्रवासी वाट चुकतो. बहुधा रात्र असते, बहुधा पाऊस असतो. मग एखादा वाडा किंवा खानावळ लागते. तो दार ठोठावतो, दार उघडतं आणि आतली सगळी माणसं थोडी सटकलेली निघतात. प्रवासी डोळे मोठे करून त्यांच्याकडे बघत राहतो, आपण त्याच्या डोळ्यांनी बघत राहतो आणि शेवटी तो जीव मुठीत धरून पळ काढतो. जाणकार याला अतिवास्तववादी विनोद म्हणतात आणि महोत्सवात जागा मिळाली नाही तर पायऱ्यांवर बसून बघतात.

रोमन पोलान्स्कीचा १९७२ सालचा ‘व्हॉट?’ हा याचा अगदी शुद्ध नमुना. हात दाखवून गाड्या थांबवत इटली पाहायला निघालेली एक अमेरिकन तरुणी समुद्राकाठच्या आलिशान बंगल्यात येऊन पोचते. बंगल्यात मालक कोण, पाहुणा कोण आणि नुसताच पडून असलेला कोण, हे काही केल्या कळत नाही. मार्चेल्लो मास्त्रोयान्नीसारखा नामांकित नट वाघाचं कातडं पांघरून हिंडतो. मुलगी सगळं वहीत लिहून ठेवते. तिच्या अंगावरचे कपडे मात्र रिळागणिक कमी होत जातात, त्यामुळे हा सिनेमा घरच्या मंडळींबरोबर बसून पाहण्यासारखा नाही. अखेर डुकरं वाहून नेणाऱ्या ट्रकमध्ये चढून ती तिथून निसटते.

या जातीच्या सगळ्या सिनेमांवर माझा एकच आक्षेप आहे. कॅमेरा कायम पाहुण्याच्या बाजूला असतो. यजमानाला कोणी काही विचारतच नाही. त्या बंगल्यातल्या लोकांना ती मुलगी कशी वाटली असेल? न कळवता आली, मिळेल त्या खोलीत राहिली, कोणी दोन शब्द बोललं की वही काढून लिहायला बसली आणि जाताना ‘येते हं’ एवढंही म्हणाली नाही. विक्षिप्त कोण?

हा प्रश्न मला पडतो, कारण मी नंदुरबार जिल्ह्याचा आहे, म्हणजे जन्मजात यजमान आहे. १ जुलै १९९८ला धुळ्यापासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला आणि तेव्हापासून आमच्याकडे पाहुण्यांचा राबता आहे. पूर्वीही होता, पण तेव्हा ते धुळ्याच्या खात्यावर पडत. आता थेट आमच्याकडे येतात. कोणी सातपुड्यावर माहितीपट काढायला येतो, कोणी आदिवासी बोलींवर काम करायला, कोणी कुपोषणाची पाहणी करायला, तर कोणी ‘अनटच्ड’ निसर्गाला टच करायला. आमच्या जिल्ह्यावर जेवढे प्रबंध झाले तेवढे रस्ते झाले असते, तर प्रबंधांना विषय उरले नसते. तर या सगळ्या पाहुण्यांना वर्षानुवर्षं बघून यजमानपक्षाची जी काही निरीक्षणं जमली आहेत, ती ही.

आधी पाहुणा येतो कसा ते सांगतो. झाक तातीचा ‘मस्य युलोची सुट्टी’ हा १९५३चा फ्रेंच सिनेमा एका रेल्वे स्टेशनावर सुरू होतो. भोंग्यातून घोषणा होते, एक अक्षर कळत नाही आणि प्रवाशांचा घोळका सामानासकट या फलाटावरून त्या फलाटावर पळत सुटतो. युरोपात हा विनोद म्हणून दाखवतात. तातीला त्यासाठी नटमंडळी जमवावी लागली, तालमी घ्याव्या लागल्या. आमच्याकडे नवापूर स्टेशन आहे.

सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन बांधलं तेव्हा सगळा एकच मुंबई इलाखा होता. १ मे १९६०ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि सीमारेषा नेमकी स्टेशनातून गेली. फलाट साधारण ८०० मीटर लांबीचा, त्यातला ३०० मीटर महाराष्ट्रात आणि ५०० मीटर गुजरातेत. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यात; स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत, तापी जिल्ह्याच्या उच्छल तालुक्यात. म्हणजे तिकीट एका राज्यात काढायचं आणि गाडी का आली नाही हे विचारायला परराज्यात जायचं. घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा चार भाषांत होतात. प्रतीक्षालय आणि स्वच्छतागृह गुजरातेत असल्यामुळे घाईची वेळ आली तर महाराष्ट्राच्या माणसाला शेजारी राज्याच्या औदार्यावर अवलंबून राहावं लागतं.

यात सगळ्यात प्रसिद्ध आहे ते बाकडं. मधोमध रेघ, एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला गुजरात. नवरा-बायको बसली तर संसार आंतरराज्यीय होतो. मधोमध बसणाऱ्याचं तर विचारूच नका. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे खिशात सीलबंद बाटली ठेवून बाकड्यावर डावीकडून उजवीकडे सरकणारा इसम एका ढुंगणाने कायद्याच्या कक्षेत आणि दुसऱ्याने कक्षेबाहेर जाऊ शकतो. कुठल्याही युरोपीय दिग्दर्शकाला हे सुचलं असतं तर त्याने त्यावर अख्खा सिनेमा काढून त्याला ‘राष्ट्र या संकल्पनेवरचं भाष्य’ म्हटलं असतं. नवापूरकर मात्र त्या बाकड्यावर बसून शेंगा खातात. टरफलं कुठल्या राज्यात पडतात याची दोन्ही सरकारांनी आजवर दखल घेतलेली नाही.

आता इथे विक्षिप्त कोण वागतो ते पाहा. पाहुणा गाडीतून उतरतो, सामान तिथेच टाकतो आणि बाकड्यावर एक पाय इकडे, एक पाय तिकडे टाकून फोटो काढून घेतो. मग फलाटाच्या सीमेवर उभा राहून एकदा महाराष्ट्रात उडी मारतो, एकदा गुजरातेत उडी मारतो. वयाने मोठी, पोट सुटलेली, बँकेत अधिकारी असलेली माणसं अशा उड्या मारतात. शेजारी पाटी घेऊन बसलेली मावशी हे सगळं शांतपणे बघत असते. तिच्या डोळ्यांनी हा सिनेमा काढला, तर तो फारच अतिवास्तववादी होईल.

याच नवापुरात फेब्रुवारी २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. इथे कुक्कुटपालन मोठं. लाखांनी कोंबड्या माराव्या लागल्या आणि शेड उभारण्यासाठी कर्ज काढलेल्यांचं कंबरडं मोडलं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण डोक्यापासून नखापर्यंत पांढरे झगे, डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर पट्ट्या बांधलेली माणसं शेडमधून कोंबड्यांच्या मागे धावताहेत, त्यांच्या मागे कॅमेरे घेतलेली माणसं धावताहेत आणि रस्त्यापलीकडे गावकरी उभे राहून हे बघताहेत, हे दृश्य कोणी कल्पनेने लिहिलं असतं तर ‘अतिरंजित’ म्हणून परत आलं असतं.

कोंबडीवरून बुन्युएल आठवला. लुई बुन्युएल हा स्पॅनिश दिग्दर्शक म्हणजे या सगळ्या अतिवास्तव मंडळींचा कुलगुरू. त्याचा ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्ज्वाझी’ हाही १९७२चाच. परदेशी भाषेतल्या चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला. हा मी आमच्या फुईला, म्हणजे वडिलांच्या थोरल्या बहिणीला, भाच्याच्या लॅपटॉपवर दाखवला. संवाद मी मराठीत सांगत होतो, फुई तूर निवडत ऐकत होती.

गोष्ट एवढीच, की सहा प्रतिष्ठित माणसांना एकत्र जेवायचं आहे आणि जेवण काही होत नाही. आधी ती चुकीच्या दिवशी पोचतात. मग एका खानावळीत जातात, तर शेजारच्या खोलीत मालकाचंच प्रेत ठेवलेलं. पुढे एका जेवणाला यजमान जोडपंच बागेत पळून जातं. एका उपाहारगृहात जावं, तर चहाही संपलेला, कॉफीही संपलेली. एकदा तर पानं वाढली जातात, पण तेवढ्यात लष्कराची तुकडी घरात शिरते. आणखी एकदा टेबलावर भाजलेल्या कोंबड्या येतात, त्या हातातून पडतात आणि नाटकातल्या खोट्या निघतात. पडदा वर जातो आणि कळतं की ही मंडळी जेवणाच्या खोलीत नसून रंगमंचावर आहेत.

सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा फुईने सूप बाजूला ठेवलं. तिचा जीव कासावीस झाला होता. म्हणाली, “आरे, त्यास्ले कोनी भाकर तं वाढा रे!”

शेवटी त्यातला एक राजदूत रात्री एकटाच उठून फ्रीजमधलं गार अन्न खातो, तेव्हा तिला जरा बरं वाटलं. पण “शिळं खाल्लं बिचाऱ्यानं” हे दुःख राहिलंच. जगभरच्या समीक्षकांनी या सिनेमात भांडवलशाहीची पोकळी पाहिली. फुईला त्यात फक्त भुकेली माणसं दिसली. मला विचाराल तर बुन्युएलला एवढी सरळ दाद कोणीच दिली नसेल.

कारण आमच्या जिल्ह्यात बुन्युएलच्या बरोबर उलट प्रकार चालतो. त्याच्याकडे पाहुण्याला जेवण मिळत नाही. आमच्याकडे पाहुण्याला जेवण चुकवता येत नाही. ओट्यावर पाय ठेवला की आधी तांब्याभर पाणी, मग “कोठला शेतस तुम्ही?” अशी चौकशी आणि उत्तर पुरं होण्याच्या आत चहा. चहाला ‘नको’ म्हटलं तर साखर वाढते. ‘नुकताच घेऊन आलो’ म्हटलं तर, “तिकडचा तिकडे झाला, आमचा कुठे झाला?” हे त्याला उत्तर. मग जेवण. दादर ज्वारीची भाकरी, उडदाची डाळ, शेवभाजी, ठेचा. उन्हाळा असेल तर आमरस आणि खापरावरची पुरणपोळी, जी ताटात मावत नाही म्हणून घडी करून वाढतात आणि घडी उलगडेपर्यंत दुसरी येते. हे आटोपून पाहुणा उठला की शेजारचे काका दारात उभेच असतात. “त्यांच्याकडे जेवलात, मग आमच्याकडे काय झालं?” या प्रश्नाचं उत्तर जगातल्या कुठल्याच भाषेत नाही. मग दुसरं जेवण.

पाहुण्याचं वागणं या वेळी खास निरखण्यासारखं असतं. जिल्हा लाल मिरचीचा. हंगामात नंदुरबार शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर एवढी मिरची वाळत पडलेली असते की नजर जाईल तिथवर जमीन लाल दिसते. पाहुणा सकाळी तिथे जातो, फोटो काढतो, ‘काय रंग आहे!’ म्हणतो, शिंकतो, परत फोटो काढतो. दुपारी आमच्याकडे ताटावर बसतो आणि म्हणतो, “तिखट जरा कमी आहे ना?” मिरचीच्या गावी येऊन तिखट चुकवणारा माणूस आम्हाला समजत नाही, पण आम्ही वहीत लिहीत नाही. ताटात भाकरी पडली की तो खात नाही. आधी ताटाचा फोटो काढतो. भाकरी गार होते. मग तो फुईला विचारतो, “ही ग्लुटेन फ्री असते ना?” फुईला वाटतं, आपल्या भाकरीत काहीतरी कमी पडलं. ती आणखी तूप वाढते.

याच बुन्युएलचा १९७४चा ‘द फँटम ऑफ लिबर्टी’ आहे. त्यातल्या एका घरी पाहुणे येतात आणि टेबलाभोवती खुर्च्यांऐवजी कमोड मांडलेले असतात. सगळे त्यांवर बसून शिष्टपणे गप्पा मारतात. एकाला भूक लागते, तो मोलकरणीला हळूच विचारतो आणि एका छोट्या खोलीत आतून कडी लावून एकटाच जेवतो. हे दृश्य सुरू झालं तसा फुईने पदर डोळ्यांवर घेतला, पण पदराआडून सगळं बघितलं. कमोडचं तिला फारसं काही वाटलं नाही. शहरात माणसं काहीही करतात. पण तो माणूस दार लावून एकटा जेवायला बसला तेव्हा तिने पदर काढला आणि निकाल दिला, “दार लाईसन एकला खास, तो मानूस बरा नई.”

त्याच सिनेमात एक मुलगी शाळेतून हरवते. गंमत अशी की ती हरवलेलीच नसते, तिथेच उभी असते. आई-वडील तिला घेऊन पोलिसांकडे जातात. ‘मी इथे आहे ना’ असं ती म्हणते तर तिला गप्प बसवतात. पोलीस अधिकारी तिच्याकडे बघून तिच्या वर्णनाचा फॉर्म भरतो आणि ‘शोध घेतो’ म्हणून सांगतो. समोर उभ्या असलेल्या माणसाचा शोध! फ्रान्समध्ये यावर थिएटरं हसली.

आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१०ला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. देशातल्या माणसांना ओळख देण्याचं काम आमच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातून सुरू झालं, याचा आम्हाला अभिमान आहे. पण पुढे काय झालं ते बुन्युएलला दाखवायला हवं होतं. ऊस तोडून, माती खणून बोटांच्या रेषा झिजलेला म्हातारा रेशनसाठी यंत्रावर अंगठा ठेवतो. यंत्र म्हणतं, हा तो नव्हे. म्हातारा म्हणतो, अरे मीच तो. दुकानदार म्हणतो, मला माहीत आहे बाबा तूच तो, माझे वडील आणि तू एका बैलगाडीतून बाजाराला जायचात, पण यंत्राला पटवायचं कसं? मग अंगठा पुसतात, ओला करतात, दुसरं बोट लावून बघतात. मागच्या रांगेतले सगळे जण म्हाताऱ्याला नावानिशी ओळखतात. ओळखत नाही तेवढं ते एकटं यंत्र.

फुईची पद्धत याहून जुनी आणि जास्त भरवशाची आहे. ती पाहुण्याला तीन गोष्टी विचारते: गाव कोणतं, आडनाव काय आणि मामा कुठले. एवढ्यावर ती समोरच्या माणसाचं कोणाशी नातं लागतं ते काढतेच. आजवर आलेल्या एकाही पाहुण्याला तिने बिननात्याचा जाऊ दिलेला नाही. मानववंशशास्त्रावर काम करायला आलेल्या जर्मन संशोधकालाही तिने मामाचं गाव विचारलं. त्याने सांगितलं. ती थोडा वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, “तिकडं आपलं अजून कोनी नई.” त्या ‘अजून’मध्ये जर्मनीसाठी दार उघडं ठेवलेलं होतं.

आता सकाळच्या फेरीविषयी. ‘डिस्क्रीट चार्म’मध्ये एक दृश्य मध्ये मध्ये येतं: ती सहाही माणसं शेतांमधून गेलेल्या एका लांबलचक रस्त्यावर चालत असतात. कुठे निघालीत ते सांगत नाहीत, कुठे पोचतही नाहीत. या दृश्याचा अर्थ काय यावर खूप लिहिलं गेलं आहे. आमच्या गावाला तो लगेच कळला असता, कारण आमच्याकडे आलेला प्रत्येक शहरी पाहुणा पहाटे उठून हेच करतो.

पांढरे बूट घालून तो रस्त्याने निघतो. मागून ट्रॅक्टर येतो, थांबतो. “कुठे जायचंय दादा? बसा.” “नाही, कुठेच नाही. असंच.” ट्रॅक्टरवाला बुचकळ्यात पडतो. कुठेच जायचं नाही तर हा चालतोय का? घरी काही भांडण झालं का? पुढे दुधाची मोटारसायकल थांबते. “शहाद्याला सोडू का?” “नको, थँक यू.” मग बैलगाडी. तोवर ट्रॅक्टरवाल्याने गावात निरोप पोचवलेला असतो आणि परतीच्या वाटेवर आमचा पाहुणा दिसतो तेव्हा त्याच्या मागे काळजीपोटी चार-पाच माणसं अंतर राखून चाललेली असतात. हे दृश्य मी ओट्यावरून पाहिलं आहे. बुन्युएलला ते जमलं नव्हतं. त्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर नव्हता.

पण उत्तरेला सातपुड्यात, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत शिरलं की हा विनोद फिरतो. तिथेही माणसं चालतात. त्यांना पोचायचं कुठे ते पक्कं माहीत असतं: बाजार, शाळा, दवाखाना. आजाऱ्याला बांबूला झोळी बांधून खांद्यावरून डोंगर उतरवतात. वर्तमानपत्रांनी तिचं नाव ‘बांबूलन्स’ ठेवलंय. बुन्युएलच्या माणसांजवळ रस्ता होता, जायचं ठिकाण नव्हतं. या माणसांजवळ ठिकाण आहे, रस्ता नाही. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावं गिळली किंवा कुरतडली, ती याच दोन तालुक्यांतली. त्यातलं पहिलं मणिबेली. नर्मदेच्या फुगवट्यालगत आता काही ठिकाणी दवाखाना बोटीतून येतो आणि निवडणुकीत मतदान यंत्रंही बोटीतून येतात. महाराष्ट्राच्या लोकसभा मतदारसंघांची यादी नंदुरबारपासून सुरू होते, क्रमांक १. विधानसभेची अक्कलकुव्यापासून, तिथेही क्रमांक १. यादी करणाऱ्याने आम्हाला पहिलं लिहिलं, हे मोठेपण. काम करणाऱ्याने ती खालून वर वाचायला घेतली असावी.

पाहुण्यांचा मोठा लोंढा येतो तो होळीला. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. आठवडाभर आधी भोंगऱ्या बाजार भरतात, डोंगरातून माणसं उतरतात. होळीच्या रात्री डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर राखेचे आणि रंगाचे ठिपके, कमरेला घुंगरं आणि दुधी भोपळे बांधलेले बावा-बुध्या ढोलावर रात्रभर नाचतात आणि होळी पेटते ती पहाटे. पाहुण्याच्या वहीत हे ‘जादुई’, ‘आदिम’, ‘स्वप्नवत’ अशा शब्दांत नोंदलं जातं. खरं तर यात स्वप्नवत काही नाही. बुध्या होणाऱ्याने नवस बोललेला असतो आणि त्याचे नियम कडक असतात. नाचणाऱ्या प्रत्येकाला आपण हा वेष का घातला आहे, कधीपर्यंत घालायचा आणि मग कुठे उतरवायचा, हे नेमकं माहीत असतं. एवढी शिस्त आमच्या नगरपालिकेत आणता आली तर फार बरं होईल.

त्याच मैदानात दुसऱ्याही एका टोळीने वेष केलेला असतो. गुडघ्यापर्यंत बूट, अकरा खिशांचं जाकीट, गळ्यात दोन कॅमेरे, मनगटावर डास पळवणारा पट्टा, कपाळावर भर मध्यरात्री गॉगल. हे का घातलं, हे त्यातल्या कोणालाही धड सांगता येत नाही. एका जाकीटवाल्याकडे बघत एका बुध्याने मला हळूच विचारलं होतं, “याचा नवस काय आहे?” मला उत्तर देता आलं नाही. “फार कडक दिसतो,” असं म्हणून तो नाचायला गेला.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत असाच प्रकार, फक्त तिथे निरीक्षक घोडे असतात. तापीकाठच्या या एकमुखी दत्ताच्या गावी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अलीकडे त्याला ‘चेतक फेस्टिव्हल’ म्हणतात. नाचरी घोडी, रुबाबदार मारवाडी, काठेवाडी. घोड्यांना मालिश, खुराक, झूल. ज्याला घोडा घ्यायचा असतो तो गुपचूप दात बघतो, पाय बघतो आणि चालता होतो. ज्याला घ्यायचा नसतो तो घोड्याच्या कानाशी तोंड नेऊन सेल्फी काढतो आणि ‘किती सोलफुल डोळे आहेत’ असं म्हणतो. घोडा मान फिरवतो. त्याच्याजवळ वही नसते, एवढाच काय तो फरक.

तर यजमानपक्षाचं म्हणणं थोडक्यात असं. माणूस आपल्या गावात असतो तोवर त्याच्या प्रत्येक कृतीला कारण असतं आणि ते चार लोकांना माहीत असतं. पाहुणा तेवढा आपली कारणं घरी ठेवून आलेला असतो. त्यामुळे आमच्याकडे पाहून त्याला जे नवल वाटतं, तेच त्याच्याकडे पाहून आम्हाला वाटतं. फक्त आम्ही त्याला महोत्सवात पाठवत नाही, जेवायला वाढतो.

कोणी दिग्दर्शक हे वाचत असेल, तर त्याने एकदा कॅमेरा आमच्या ओट्यावर ठेवून सिनेमा काढावा. परवानग्यांचं बघू. तातीच्या सिनेमातल्यासारखी पळापळ हवी असेल तर नवापूर आहे, रात्रीची दृश्यं काठीला होतील, कोंबड्या खऱ्या मिळतील. अडचण एकच दिसते. दिग्दर्शक झाला तरी तो पाहुणाच. पहिल्या दिवशी फुई त्याला जेवल्याशिवाय उठू देणार नाही, आणि उठला की शेजारचे काका दारात असतील. अनुभव असा आहे, की दुसऱ्या जेवणानंतर माणसाला कोणीच विक्षिप्त दिसत नाही. तो खाट मागतो, कॅमेरेवालाही त्याच्या शेजारी आडवा होतो आणि चित्रीकरण पुढच्या खेपेवर जातं.